त्रेचाळीस योहान

"लेकरू ज्याच्या हातात देतेस, त्याचं आडनाव तरी विचारून ठेव," असं माझी आई मला मार्चमध्ये म्हणाली होती. नातवाला बघायला ती छॉङजूहून आली होती आणि रविवारी माझ्याबरोबर टेकडीवरच्या चर्चमध्येही आली. ती ख्रिस्ती नाही. वर्षातून एकदा बुद्धाच्या देवळात कंदील लावते, तेवढाच तिचा धर्म. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर तिनं पाहिलं, की माझं तीन महिन्यांचं पोर कुणी सत्तरीचा माणूस बाबागाडीत घालून अंगणात फिरवतोय आणि मी आत निवांत कॉफी पितेय.

"कोण गं तो?"

"योहान आजोबा."

"आडनाव?"

"आई, चर्चमध्ये आडनावानं कोणी कोणाला हाक मारत नाही."

"बरं. घर कुठं? मुलंबाळं?"

"अगं, योहान आजोबा आहेत ते. सगळे ओळखतात त्यांना."

"सगळे ओळखतात म्हणजे कोणीच ओळखत नाही," आई म्हणाली. "आणि योहान हे काय नाव झालं? ती तर वर्दी. कुणीही अंगात घालावी."

मी हसण्यावारी नेलं. एरवी काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दो-ग्योम झाल्यापासून मी रोज त्याचे श्वास मोजते. त्याला शिंक आली तर खिडक्या तपासते, नाही आली तर नाक तपासते. पण आईला त्या माणसाचाच संशय आला होता, आणि तो संशय चुकीचा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिचं बाकीचं म्हणणंही मी त्याच्याबरोबर सोडून दिलं.

आमच्या चर्चमध्ये आत आलं की घरचं नाव दारात राहतं. मी सॉन-हे, पण तिथं आगाता. माझा नवरा क्यू-सॉक तिथं राफाएल. ऑफिसात बसणारी युलियाताई, नूडल्स उकळणाऱ्या दोन आन्ना, वाद्यवृंदातली सेसिलिया. वर्षानुवर्षं शेजारी बसून लोक एकमेकांची खरी नावं जाणत नाहीत, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. त्यातून वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाव विचारणं हे आमच्या कोरियात उद्धटपणाचंच. बाप्तिस्म्याच्या नावानं ती अडचण सुटते. 'योहान आजोबा' म्हटलं की मानही राखला गेला आणि हाकही मारून झाली.

ते दोन वर्षांपूर्वी शरदात आमच्याकडे यायला लागले. रडक्या बाळांच्या आयांसाठी चर्चमध्ये मागं एक काचेची खोली आहे, तिच्या दाराशी एक बाक आहे. त्या बाकावर ते बसत. खिशात सोललेल्या कच्च्या चेस्टनटची पुडी. आमच्या गोंगजू गावचा माणूस आणि खिशात चेस्टनट नाही असं सहसा होत नाही. कुणाचं मूल हाताबाहेर गेलं की ते उठत आणि काही न बोलता गाडी ढकलत बाहेर नेत. माझं मूल त्यांनी पहिल्यांदा नेलं तेव्हा मी मागोमाग धावले होते.

"काय झालं?"

"काही नाही. तो... त्याचा श्वास जरा..."

"मोजतेस का?"

मला लाज वाटली. "हो."

"मोज की. मी माझ्या म्हातारीचे मोजायचो. शेवटची दोन वर्षं. मिनिटाला सोळा." त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. "ह्याचे जास्त असतात. लहान इंजिन जोरात पळतं."

त्या दिवसापासून मिस्सा संपली की ते मला आकडा सांगत. "छत्तीस. झोपलाय." घरी, माहेरी, दवाखान्यात, सगळ्यांनी मला 'एवढी काळजी करू नकोस' असं सांगून झालं होतं. ह्या एका माणसानं मोजून दिलं.

आठ मार्चला त्यांनी काचेच्या खोलीत वाफाळते तॉक आणले, पांढरेशुभ्र, तांदळाचे, वरून चेस्टनटचे तुकडे लावलेले. "आज माझ्या नावाचा सण," म्हणाले. आयांनी टाळ्या वाजवल्या, बाळं दचकून रडली. खाणं झालं, विषय संपला.

मेमध्ये पोराचा बाप्तिस्मा ठरला. फॉर्म भरायचा होता आणि नावावरून घरात बोलणी सुरू झाली. सासूबाईंना आंद्रेया हवं होतं, कारण सासऱ्यांचं ते नाव. क्यू-सॉक म्हणाला, कुठलंही ठेवा, पण तिला वही काढू देऊ नका. तोवर मी वही काढलेली होती. कॉलेजात मी फ्रेंच शिकले. त्याचा पुढं नोकरीत काही उपयोग झाला नाही, पण शब्द कुठून कुठं गेला हे शोधत बसायची खोड मात्र लागली. मी योहान हे नाव घेऊन बसले होते. एका रविवारी मिस्सा संपल्यावर बाकावर बसून लिहीत होते, तेव्हा आजोबा शेजारी येऊन टेकले.

"कसला अभ्यास चाललाय?"

"तुमच्या नावाचा."

"माझ्या? त्यात काय अभ्यासायचंय?"

मी सांगितलं. मूळ हिब्रू, योहानान, म्हणजे देवानं कृपा केली. ते ग्रीकांकडे गेलं, त्यांनी त्याला आपल्या पुरुषांच्या नावांसारखं शेपूट लावून इओआन्नेस केलं. रोमनांनी ते तसंच उचललं. मग ज्याच्या जिभेला जसं वळलं तसं. फ्रेंचांचा झाँ झाला, स्पेनमध्ये हुआन, पोर्तुगालमध्ये जुआँव, इंग्रजांचा जॉन, आयर्लंडात शॉन, हंगेरीत यानोश, रशियात इवान. आर्मेनियात होव्हान्नेस. अरब मुसलमान त्याला याह्या म्हणतात, त्यांच्याही ग्रंथात तो आहे.

"थांब थांब. म्हणजे रशियातला इवान आणि मी एकच?"

"एकच."

"पण थंडी त्याच्या वाट्याला जास्त." त्यांनी एक चेस्टनट दातानं तोडला. "आणि आपल्याकडे कसं आलं ते लिहिलंस?"

"चीनमधून. पेकिंगच्या पाद्र्यांनी दोन चिनी अक्षरांत बसवलं, ती पुस्तकं आपल्याकडे आली."

"माझी आजी योवाङ म्हणायची. आमच्या आजोबांना हाक मारायची, 'योवाङ, जेवायला या.' मी मोठा झालो तोवर चर्चमध्ये योहान झालं होतं. आजीला ते पटलं नाही. म्हणायची, 'माझ्या नवऱ्याचं नाव परस्पर कुणी बदललं?'"

मी ते लिहून घेतलं.

"तुला एक सांगतो, ते पुस्तकात नसेल. आजीच्या माहेरचे डोंगरात मडकी भाजायचे. ख्रिस्ती माणसाला पकडून मारायचे ते दिवस. तिची आजी तिला सांगायची, की वस्तीत नवा माणूस आला तर त्याचं घरचं नाव विचारायचं नाही. योवाङ, पेत्रुस, मारिया, बस्स. उद्या आपल्याला पकडून नेलं आणि चाबूक बसायला लागले, तर जे नाव माहीतच नाही ते तोंडातून फुटणार कसं?"

"खरंच असं होतं?"

"आजी सांगायची बाई. मी काय तिथं होतो?"

टेकडीखाली प्रॉटेस्टंटांचं मोठं चर्च आहे. तिथल्या पाळकांच्या मुलाचं नावही योहान. पण त्यांच्यात ते शाळेच्या हजेरीपटावर असतं, आम्हा कॅथॉलिकांत बाप्तिस्म्याच्या पाण्यापुरतं. आजोबांना हे फार गमतीचं वाटायचं. म्हणायचे, "त्याचं चोवीस तासांचं, माझं रविवारचं."

मी तेव्हाच विचारून टाकलं, "आजोबा, दो-ग्योमचं नाव योहान ठेवायचं म्हणते. तुम्ही बाप्तिस्म्याला त्याचे धर्मबाप म्हणून उभे राहाल?"

त्यांनी पुडीची घडी घातली. "मी? अगं, तुमच्या ओळखीत कुणी शिकलेला, तरणा माणूस बघ. धर्मबाप म्हणजे पोर मोठं होईस्तोवर टिकायला हवा."

"मला मोजणारा हवाय."

"मग काय बोलणार," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कोट घालावा लागेल ना? आहे माझ्याकडे."

शुक्रवारी मी ऑफिसात फॉर्म दिला. धर्मबापाच्या रकान्यात मी 'योहान' लिहिलं होतं. युलियाताई ह्या फेब्रुवारीतच कामाला लागलेली, चष्मा कपाळावर चढवून बोलणारी बाई. तिनं फॉर्म उलटापालटा केला.

"कुठला योहान? पूर्ण नाव?"

"रविवारी विचारते. आपले ते बाकावरचे आजोबा."

"बाकावरचे आजोबा," तिनं पेन्सिलनं समासात तसंच लिहून ठेवलं. "विसरू नकोस हं."

त्या रविवारी बाक रिकामा होता.

मिस्सा सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि मी दाराकडे बघायला लागले. पोर रडलं, मीच बाहेर नेलं. मोजलं, अडतीस भरले, पण सांगायला कुणी नव्हतं. नंतर चर्चच्या तळघरात सगळे नूडल्स खायला बसले तेव्हा मी मोठ्या आन्नाला विचारलं.

"योहान आजोबा आले नाहीत?"

"गेले असतील लेकीकडे."

"त्यांना मुलगी आहे?"

"असेलच की कुणीतरी. अगं, कांदापात वाढ तिकडे."

धाकटी आन्ना म्हणाली, ते मोठ्या आन्नाच्या भागात राहतात. मोठी आन्ना म्हणाली, नाही बाई, ते चर्चच्या नदीकडच्या घरांच्या गटात असतील. नदीकडच्या गटाच्या प्रमुखबाई म्हणाल्या, आमच्यात असते तर मी घरी जाऊन आले नसते का? नवे फादर फेब्रुवारीत बदलून आलेले, ते म्हणाले, "कोणते योहान? उंच?" कुणाकडे त्यांचा नंबर नव्हता. फोन होता त्यांच्याकडे, पण हरवेल म्हणून ते तो घरीच ठेवत.

घरी येऊन क्यू-सॉकला सांगितलं.

"काल पोराच्या शी-चा रंग, आज आजोबा. तुला काळजीला रोज नवं गिऱ्हाईक लागतं."

"ते कधी चुकवत नाहीत."

"एक रविवार, सॉन-हे. म्हातारी माणसं सहलीला जातात. बस भरभरून जातात. फुलं बघायला."

हे खरंही असू शकत होतं. माझ्या मनातल्या दहा काळज्यांपैकी नऊ फोल ठरतात हे मला माहीत आहे, म्हणून दहावीलाही मी गप्प बसवलं. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे.

सोमवारी ऑफिस बंद असतं. मला मात्र घरात बसवेना. 'बाजाराच्या मागं राहतो' असं ते एकदा म्हणाले होते. मी बाबागाडी घेऊन सानसॉङ बाजारात गेले. चेस्टनटवाल्याला विचारलं, "योहान आजोबा माहीत आहेत?" तो म्हणाला, "परदेशी आहेत का?" तॉकच्या दुकानात विचारलं. बाई म्हणाली, "आडनाव सांगा. आमच्याकडे ऑर्डर आडनावावर असते." मार्चमधले तॉक तिच्याच दुकानातले असतील कदाचित. मी आजूबाजूच्या गल्ल्यांतून दोनदा फिरले, दारांवरच्या पाट्या वाचत. कोणत्या पाटीशी थांबायचं हे कळायला आधी नाव हवं.

शेवटी पोलीसचौकीत गेले. तिथला तरुण शिपाई सभ्य होता, त्यानं गाडीसाठी दार धरलं.

"हरवलेल्या व्यक्तीचं नाव?"

"योहान."

"आडनाव?"

"माहीत नाही."

"जन्मसाल?"

"सत्तरीचे असतील. किंवा पंचाहत्तर."

"पत्ता?"

"बाजाराच्या मागं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "तुमचं त्यांच्याशी नातं?"

मी म्हणाले, "माझ्या मुलाचे धर्मबाप. म्हणजे होणार आहेत."

मागं बसलेला वयस्क हवालदार हसला. "बाई, रागावू नका. पण तुम्ही ज्याला शोधताय त्याच्याबद्दल तुमच्यापेक्षा आम्हालाच जास्त माहिती असायला हवी, आणि आम्हाला काहीच नाही. नाव घेऊन या. नावाशिवाय आम्ही दार कुणाचं वाजवायचं?"

शहरातल्या दवाखान्यात फोन केला. तिथंही तेच. 'रुग्णाचं पूर्ण नाव सांगा.'

मंगळवारी ऑफिस उघडायच्या आधीच मी दाराशी उभी होते. युलियाताईनं किल्ली लावताना माझ्याकडे पाहिलं आणि विनोद करायचं टाळलं. कॉम्प्युटरवर तिनं योहान टाकलं.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

"सगळे आपल्या चर्चचे?"

"पुस्तकावर आहेत. येतात त्यातले निम्मे." तिनं साठीच्या आतले वगळले. सतरा उरले. सहा जणांना आम्ही दोघी चेहऱ्यानं ओळखत होतो, हे ते नव्हते. उरलेल्या अकरांना तिनं फोन लावायला सुरुवात केली.

एकानं उचलून सांगितलं, "मी मेलेलो नाही. फक्त चर्चला येत नाही. पहिल्या गोष्टीसाठी फोन असेल तर ठेवा, दुसऱ्यासाठी असेल तरी ठेवा." एकाची बायको म्हणाली, तो बौद्ध झालाय, आणि वजनही उतरलंय. पाच जण असे निकालात निघाले. उरले सहा. कुणाचा नंबर बंद, कुणी उचलत नाही. सहांचे पत्ते होते, पण एक नदीपलीकडे, दोन खेड्यांत, बाकीचे शहरातले, नुसते जुने घरक्रमांक, त्यांवरून गल्ली कळत नव्हती. नोंदी जुन्या, कुणी आता तिथं राहतही नसेल.

"एकेक करून जाऊ," मी म्हणाले.

"पोराला घेऊन? दिवस मावळेल." युलियाताईनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "बघ आठव काहीतरी. सण कुठला त्यांचा? योहान खंडीभर आहेत, पण संत वेगवेगळे. जूनमधला बाप्तिस्मा करणारा, की डिसेंबरातला प्रेषित?"

गेल्या जूनमध्ये अंगणात सगळ्या योहानांना उभं करून गाणं म्हटलं होतं, ते मला आठवलं. आजोबा बसून टाळ्या वाजवत होते. डिसेंबरात माझं पोर पोटातून नुकतंच बाहेर आलेलं, तेव्हाचं मला माहीत नाही. पण तॉक...

"मार्च," मी म्हणाले. "आठ मार्च. त्यांनी तॉक आणले होते."

"आठ मार्च म्हणजे देवाचा योहान. आजाऱ्यांची सेवा करणारा तो." ती सहा नोंदी एकेक करून उघडत सणाचा रकाना पाहायला लागली. जून, जून, डिसेंबर, जून. पाचवी नोंद उघडून ती थांबली. "ओक ची-सॉङ. एकोणऐंशी वर्षं. पत्नी मोनिका. हा घरक्रमांक नकाशात बाजाराच्या मागं येतो."

ओक ची-सॉङ. त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, पडद्यावरून, दुसऱ्या बाईच्या तोंडून.

युलियाताईनं ऑफिसला कुलूप लावलं आणि आम्ही उतारावरून निघालो. पत्त्यावरची गल्ली पाहिली आणि मी ती ओळखली. सोमवारी मी इथून दोनदा गेले होते. निळं फाटक. फाटकाला पाटी होतीच, त्यावर 'ओक' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही असेल.

फाटक उघडंच होतं. खालच्या मजल्यावरची घरमालकीण जिना धूत होती.

"ड्रायव्हर ओक? तुम्ही कोण त्यांच्या?"

"चर्चमधून आलोय," युलियाताई म्हणाली.

"आता आलात?" बाईनं बादली खाली ठेवली. "सकाळीच नेलं त्यांना अँब्युलन्सनं. मी बहिणीकडे गेले होते, शनिवारपासून. आज आले तर वरचा दिवा भर दिवसा चालू. वर जाऊन बघते तर जमिनीवर. कोट घातलेला, बूट एका पायात."

"जिवंत आहेत?" मी विचारलं.

"नेलं तेव्हा श्वास होता." ती माझ्या गाडीतल्या पोराकडे बघत राहिली. "अँब्युलन्सवाला विचारतोय नातेवाईक कोण, मी म्हटलं बायको गेली, मूल नाही. चर्चमध्ये जातात एवढं माहीत होतं. पण कुठल्या? ह्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस आहे. मी काय सगळ्यांना फोन करू आणि विचारू, तुमच्यात कुणी ड्रायव्हर ओक आहे का?"

तिनं विचारलं असतं तरी आम्ही नाहीच म्हणालो असतो. तीस वर्षं गोंगजू-देजॉन बस चालवलेला माणूस. गल्लीत ड्रायव्हर ओक, टेकडीवर योहान आजोबा, आणि मधे अर्ध्या तासाची चढण.

दवाखान्यात ह्या वेळी मी पूर्ण नाव सांगितलं आणि दोन मिनिटांत खोलीचा नंबर मिळाला. दाराबाहेरच्या पाटीवर नावाचं मधलं अक्षर गाळून तिथं गोल काढलेला होता, रुग्णाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. आत ते होते. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, डोळे उघडे.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली. किती वेळ पडून होते काही कल्पना?"

"रविवार सकाळपासून. साडेनवाच्या आसपास."

"इतकं नक्की कसं सांगता?"

"दहाची मिस्सा असते. ते अर्धा तास आधी निघतात."

त्यांनी लिहून घेतलं. वर मान न करता म्हणाल्या, "पहिल्या काही तासांत आले असते तर वाचा बहुतेक राहिली असती. आता जीव वाचला हेच म्हणायचं."

मी हिशेब केला. रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मला कळलं होतं, की काहीतरी चुकलंय. तेव्हाच नाव माहीत असतं तर पाटी माहीत असती, आणि मी साडेदहाला त्या निळ्या फाटकाशी असते.

खाटेजवळ जाऊन मी म्हणाले, "आजोबा, आगाता आलीय." त्यांचे डोळे माझ्याकडे आले. बोलायला गेले आणि घशातून नुसता आवाज आला. तो ऐकून तेच घाबरले. मी पोराला उचलून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. युलियाताई दबक्या आवाजात म्हणाली, "नर्स ओरडेल." पण नर्स आली नाही. त्यांचा हात आधी नुसता पडून होता. मग तो पोराच्या छातीवर सरकला आणि तिथंच राहिला. ओठ हलत होते. आकडा आला नाही, पण ते मोजत होते.

बाप्तिस्मा ठरल्या दिवशीच केला. पुढं ढकलावा असं मला वाटत होतं, सासूबाई म्हणाल्या, "ढकलून काय होणार? त्यांचं नाव त्यांच्या जागी लिही, उभं दुसऱ्याला कर." आंद्रेयाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. युलियाताईचा नवरा प्रतिनिधी म्हणून पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. पोरगा पाण्याला ओरडला. पुस्तकात दो-ग्योमपुढं योहान लिहिलं, सण आठ मार्च, आणि धर्मबापाच्या रकान्यात मी माझ्या हातानं ओक ची-सॉङ योहान असं सगळं लिहिलं.

जूनमध्ये सुनछॉनहून त्यांचा पुतण्या आला आणि त्यांना तिकडच्या शुश्रूषागृहात घेऊन गेला. आम्ही महिन्यातून एकदा जातो. वाचा आलेली नाही. गाडीनं दोन तास लागतात आणि पोराला गाडी लागते, म्हणून त्याहून जास्त जमत नाही.

पुतण्या त्यांना घेऊन गेला त्याच्या पुढच्या रविवारी मी वही घेऊन तळघरात उतरले आणि साठीच्या पुढच्या प्रत्येकाला नाव, पत्ता, फोन विचारायला लागले. लोक बिचकले. एक म्हणाले, "कर खात्यातून आलीस का?" दुसरे म्हणाले, "तीस वर्षं पेत्रुस म्हणून खपलो, आता कुठं नाव सांगायला लावतेस?" मोठी आन्ना मात्र भांड्यामागं उभी राहून नूडल्स ढवळत होती.

"आन्नाकाकू, तुमचं?"

"हसशील."

"नाही हसणार."

"माल-जा." ती भांड्यातच बघत होती. "चौथी मुलगी झाले ना मी. म्हणून बापानं ठेवलं, आता पुरे, हीच शेवटची. नकोशी. म्हणून तर आन्ना झाले तेव्हा सुटले म्हटलं."

मी लिहिलं. मग पत्ता लिहिला. तिनं वाकून तपासला आणि घराचा नंबर दुरुस्त केला.

अशी एकतीस नावं झाली आहेत. दोन माणसं वही बघितली की बाजूच्या दारानं सटकतात, त्यांनाही मी गाठणार आहे. क्यू-सॉक आता थट्टा करत नाही, रविवारी गाडी काढताना तोच विचारतो, "वही घेतलीस?"

हे मी चर्चच्या पत्रिकेसाठी लिहायला बसले होते, पण फक्त तिथं छापून भागेल असं वाटत नाही. तुम्ही जिथं राहता तिथंही असं एक माणूस असेल. जिन्यात भेटणारं, तुमच्या मुलाला बघून थांबणारं, सगळे ज्याला एकाच शब्दात हाक मारतात असं. ते तुम्हाला शेवटचं कधी दिसलं, आठवून पाहा. आठवत नसेल, तर हे वाचणं इथंच थांबवा आणि जाऊन त्यांचं दार वाजवून या.